मदत हवी आहे: किमोचं लाल औषध ‘जंतूंपासून’ बनतं, आईला कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

आई ६३ वर्षांची, स्तनाचा कर्करोग. चारपैकी पहिली सायकल झाली. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लालभडक इंजेक्शन. सिस्टर सिरिंज धरून हळूहळू सोडतात, तोवर आई बर्फाचा खडा चघळत बसते.

घोळ माझ्यामुळेच झाला. वेळ जात नव्हता म्हणून औषधाचा इतिहास वाचला आणि कौतुकाने तिलाही सांगितला. १९५०च्या दशकात इटलीत कास्तेल देल मोन्ते किल्ल्याजवळच्या मातीत लाल रंग सोडणारा जिवाणू सापडला, स्ट्रेप्टोमायसिस प्यूसेटियस. त्यातून आधी डॉनोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध मिळालं, मग त्याच जिवाणूत प्रयोगशाळेत बदल घडवून हे. झालं! “आधीच पांढऱ्या पेशी कमी, त्यात जंतू टोचतात होय?” मंगळवारी दुसरी सायकल आहे आणि ती नाहीच म्हणतेय.

मामांचं भलतंच. मातीतलं म्हणजे नैसर्गिक, मग हृदयाला कसला धोका, टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) खर्च कशाला?

दोघांना काय सांगू? शिवाय भाचा म्हणतो समुद्री जिवाणूचं नवीन औषध आलंय. ते चालेल का?

प्रतिसाद:
मधाच्या बाटलीत मधमाशी असते का, विचारा आईला. टाकीत जिवाणू वाढवतात, त्याने बनवलेला रेणू तेवढा वेगळा काढून शुद्ध करतात. इंजेक्शनमध्ये जंतू नसतो. मृगाच्या पहिल्या सरीला मातीचा वास येतो ना, तोही बराचसा याच कुळातल्या जिवाणूंचा. टीबीचं स्ट्रेप्टोमायसिनही त्यांचंच, ते त्यांच्या पिढीला माहीत असेल.

मामांना मात्र ठणकावून सांगा. हे औषध पेशीच्या डीएनएत शिरून तिचं विभाजन अडवतं, म्हणून तर केस जातात. हृदयाचा धोका एकूण मात्रेबरोबर वाढतो. नेहमीच्या चार सायकलींत मिळून शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे २४० मिलिग्रॅम होतात, मर्यादा साधारण ४५० ते ५५०ची. तरी इको चुकवू नका.

भाचा बहुतेक मॅरिझोमिबबद्दल बोलतोय. बहामाजच्या समुद्रतळाच्या गाळातल्या सॅलिनिस्पोरा ट्रॉपिकापासूनचं. ते मायलोमा (रक्ताचा एक कर्करोग) आणि मेंदूच्या गाठींवर तपासलं. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य काही वाढलं नाही. आईंच्या आजाराशी त्याचा संबंध नाही.

धागाकर्ता:
मधमाशी लागू पडली! मंगळवारी जाते म्हणाली. मामांचं इकोच्या बिलावरून अजून चालूच आहे.