मदत हवी आहे: चोरीला गेलेली इंद्रजाल कॉमिक्स

मंडळी, गावाकडचं घर फोडून चोरट्यांनी बाबांची मराठी इंद्रजाल कॉमिक्सची ट्रंक नेली. वेताळ, मँड्रेक, बहादूर या चित्रकथा-नायकांचे सगळे जुने अंक. तक्रार दिलीय, पण नोंद फक्त ‘जुनी पुस्तकं’ अशी! १९९० साली बंद झालेल्या या अंकांचं मोल पोलिसांना कसं पटवायचं?

हॉलीवूड अभिनेता निकोलस केजचा २००० साली चोरीला गेलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा (सुपरमॅन पहिल्यांदा आला तो) पहिला अंक २०११मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टोरेज लॉकरमध्ये सापडला होता, म्हणून मी आशा सोडलेली नाही.

खूण: पहिल्या पानावर निळ्या शाईतली ‘वि. ग.’ अशी सही, गंजलेल्या पिना, काही मुखपृष्ठांचे कोपरे कसरीने खाल्लेले. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर किंवा ऑनलाइन कुणाला दिसले का? दिसले तर विक्रेत्याशी आधी बोलावं की थेट पोलिसांना कळवावं? अनुभव असेल तर कृपया सांगा.