एडिसन स्टँडर्डवर निळी बांगडी उड्या मारायलीय, बाकीच्या चढतच नाहीत

डेपोवाले, खानापूर

नमस्कार मंडळी. डेपोत ३१ वर्षं गाड्यांखाली पडून काम केलोय, त्यामुळं मशीन म्हटलं की मला भ्या वाटत नाही. ह्या एका मशीननं मात्र नाक मुठीत धरायला लावलंय.

नंदगडात माझं आजोळ. मामांचं जुनं घर यंदा उतरवलं, तेव्हा माळ्यावर घोंगड्यात गुंडाळलेली ओकच्या लाकडाची पेटी निघाली. मामांच्या आज्जानं रेल्वेतल्या कुठल्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेली म्हणे. पेटीवर वळणदार अक्षरात 'एडिसन', पट्टीवर 'स्टँडर्ड'. ताटलीचा ग्रामोफोन नव्हे हा, ह्याच्यावर नळकांड्यासारखी रेकॉर्ड बसते. आजोळी सगळे तिला 'बांगडी'च म्हणायचे, म्हणून मीपण तेच लिहितो. बांगड्या १४ : ५ काळ्या, ८ निळ्या, १ तपकिरी. मामी म्हणाल्या, कर्णा तेवढा भंगारवाल्याला दे, पितळेचे बरे पैसे येतील. मी पेटीच उचलून घरी आणलो.

मशीनचं काम केलो. स्प्रिंग पूर्ण उतरवूनच डबा उघडलो, तेवढी अक्कल आहे. आतलं ग्रीस वाळून गुळाच्या ढेपेसारखं झालेलं, रॉकेलनं धुतलो, नवीन भरलो. आता चावी दिली की छान फिरतंय.

बांगड्यांचं मात्र वाटोळं केलो, ते आधीच कबूल करतो. जानेवारीतली सकाळ, पेटी रात्रभर पडवीत होती. मी चुलीवर हात शेकून आलो आणि एक काळी बांगडी मुठीत धरून उजेडाला बघायला लागलो. 'टक्' असा बारीक आवाज आला, पापडावर नख मारल्यासारखा. उभी चीर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तपकिरीवर पांढरी बुरशी होती, ती स्पिरिटनं पुसलो. बुरशी गेली, चकाकीपण गेली, बोटाला काहीतरी बुळबुळीत लागलं.

आता प्रश्न निळ्यांचा. आठातल्या सात, बांगडी ज्यावर चढवतात त्या फिरत्या रुळावर अर्ध्यातच अडकतात. मी दाबून बसवायला गेलो नाही, शहाणा झालोय. आठवी बसते, पण गाणारा दोन शब्द म्हणतो आणि पुढं पळतो, परत दोन शब्द, परत पळतो. दोन मिनिटांत सुई शेवटाला. काळी लावली तर असं होत नाही. सुई पुढं सरकवणारा स्क्रू झिजलाय का? का माझ्या ग्रीसचा दोष?

*

चकवाला, उद्यमबाग

काका, ग्रीस सोडा. सुई पुढं कशी सरकते ते आधी मोजूया. रेकॉर्ड काढा, स्प्रिंग उतरलेली असू दे. सुईची गाडी स्क्रूवर टेकवा आणि रूळ हातानं बरोबर ५० फेरे फिरवा. सुरुवातीला आणि शेवटी गाडी कुठं होती तिथं पेन्सिलीची खूण करा आणि मधलं अंतर व्हर्नियरनं घ्या. साडेबारा मिलिमीटरच्या आसपास आलं तर मशीन दोन मिनिटांचं. सव्वासहा आलं तर चार मिनिटांचं.

कारण साधं आहे. दोन मिनिटांच्या रेकॉर्डवर इंचाला १०० खाचा, चार मिनिटांच्या रेकॉर्डवर २००. दोन्हीचा वेग तोच, मिनिटाला १६० फेरे. दोन मिनिटांत ३२० फेरे, म्हणजे सव्वातीन इंच. चार मिनिटांत ६४० फेरे, तरी जागा तेवढीच. आम्ही लेथवर आटे कापताना चुकीचा गियर लावला की असंच होतं की ओ. टूल पळतंय एका चालीनं आणि आटे पडलेत दुसऱ्या चालीचे.

वेगपण बघून घ्या. रुळाला कागदाची पट्टी चिकटवा आणि मोबाईलच्या घड्याळावर १५ सेकंद मोजा. ४० फेरे पाहिजेत.

*

डेपोवाले

५० फेरे. १२.६. दोनदा मोजलो, शेजारच्या पोराकडनंपण मोजून घेतलो. वेग ३६ भरला. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या चामड्यावर जुनं तेल सुकून कातडं दगडासारखं झालंय, ते बदलतो.

म्हणजे दोन मिनिटांचं मशीन, आणि निळ्या चार मिनिटांच्या? मग मामांच्या आज्जानं ह्या घेतल्या कशाला?

*

तंबाखूवखार, निपाणी

आधी तुमच्या आज्जांची बाजू घेते. चार मिनिटांच्या रेकॉर्डी एडिसननं १९०८ मध्ये काढल्या. तुमच्या निळ्या म्हणजे ब्लू अँबेरॉल, त्या १९१२ पासूनच्या. मशीन त्याच्या आधीचं, फक्त दोन मिनिटांच्या काळातलं आहे. जुन्या मशीनवाल्यांसाठी कंपनी गियरचा जोड आणि बारीक टोकाचा रिप्रोड्यूसर (सुई बसवलेली, आवाज काढणारी डबी) वेगळा विकायची. लिलावात मशीन एकाचं आणि रेकॉर्डी दुसऱ्याच्या, असा ढीग एकत्र निघाला असेल तर आज्जांना कोण सांगणार? पेटीच्या तळाला सुटं गियर काही आहे का, हात घालून बघा.

आता उड्यांचं. गाडी प्रत्येक फेऱ्याला दोन खाचा पुढं जाते, सुई एकाच खाचेत राहायला बघते. सुई ज्या वजनाला लावलेली असते त्याला आजूबाजूला थोडी ढील असते, म्हणून ती काही फेरे तग धरते, दोन शब्द ऐकू येतात, मग ताण बसतो आणि उडी. त्या निळीला कृपा करून पुन्हा लावू नका. तुमच्या रिप्रोड्यूसरवर बहुतेक 'सी' अक्षर असेल. त्याचं नीलमणी टोक दोन मिनिटांच्या रुंद खाचेसाठी, निळीच्या बारीक खाचेत ते नीट उतरतच नाही. चार मिनिटांसाठी 'एच' लागतो, किंवा दोन्ही टोकं असलेला 'के'. हिऱ्याच्या टोकाचा मिळाला तर तो फक्त निळ्यांना. मेणाच्या रेकॉर्डीवर तो जड रिप्रोड्यूसर ठेवलात तर एकाच वेळेला नांगर फिरतो.

सात निळ्या चढत नाहीत ते आपल्या हवेमुळं. वरचा निळा थर सेल्युलॉइडचा, आतला गाभा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा. प्लॅस्टर ओल पिऊन फुगतं, सेल्युलॉइड वर्षानुवर्षं आकसत जातं. खानापुरातले पावसाळे त्या घोंगड्यानं किती अडवणार? दाबून बसवली असती तर बांगडी फुटली असती, नाहीतर रुळाला कायमची चिकटली असती. आधी महिनाभर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. तरीही अडकली तर लाकडाच्या निमुळत्या दांड्याला १२० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून आतून सगळीकडून सारखं, अगदी थोडं घासायचं, कोरड्या ब्रशनं पूड काढायची, चढवून बघायची. मी एका संध्याकाळी एकच करते. घाई केली की एक बाजू जास्त घासली जाते आणि रेकॉर्ड फिरताना डुलते, मग आवाज बैलगाडीत बसून गायल्यासारखा येतो. प्लॅस्टरला पाणी नाही, थेंबभरसुद्धा. सेल्युलॉइड पेटतं झटकन, तेव्हा देवघराच्या समईजवळ ही पेटी नको.

काळ्या आणि तपकिरीला आपण मेणाच्या म्हणतो, पण ते खरं तर साबणाच्या जातीचं, स्टिअरिक आम्लापासून बनवलेलं. तुमच्या बोटाला बुळबुळीत लागलं ते त्यामुळंच. स्पिरिट नको, ओलं फडकं नको. बुरशी मेण खाते आणि खाचेत खड्डे पाडते, ते परत भरून येत नाहीत. मऊ कोरड्या ब्रशनं वरची पावडर झटकायची, तोंडाला फडकं बांधून, आणि ती रेकॉर्ड बाकीच्यांपासून दूर ठेवायची. धरायची कशी, तर पहिली दोन बोटं आत घालायची आणि आतूनच फाकवायची. बाहेरून हात लावायचाच नाही. माझ्या सासऱ्यांनी मला हे नवी सून असताना वखारीत बसून शिकवलं, रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यावर सराव करून घेतला. तरी पहिल्या वर्षी मी दोन फोडल्याच. ते काही बोलले नाहीत, फक्त तुकडे कपाटात ठेवून दिले. अजून आहेत.

*

खडेबाजार

मशीन खरं आहे ना, हे कुणीच विचारलं नाही? मी मुंबईत चोर बाजारातनं कर्ण्याचा ग्रामोफोन आणलो, कुत्र्याचं चित्र, पितळी पट्टी, सगळं झकास. घरी आणून पेटी उघडली तर लाकूड आंब्याचं, खिळे नवे, आणि कर्ण्याचं पॉलिश दोन महिन्यांत बोटाला यायला लागलं. आता हॉलमध्ये शोभेला आहे, बायको त्यात प्लास्टिकची फुलं ठेवते.

अजून एक. बांगड्यांवर मराठी नाटकातली पदं असतील म्हणून वाट बघत असाल तर बघू नका. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा गायस्बर्ग साहेब कलकत्त्याला आला आणि गायिका गौहरजानचं गाणं भरलं, ते ताटलीवरच. कलकत्त्यात एच. बोस यांनी बांगड्या भरल्या होत्या, रवींद्रनाथांच्या आवाजातलं वंदे मातरमसुद्धा. पण पुढं आपल्याकडं ताटलीचंच राज्य झालं.

*

डेपोवाले

मशीन खरं आहे ओ. ५० फेऱ्यांना बरोबर अर्धा इंच चालणारं खोटं मशीन कोण करत बसणार?

पेटीच्या तळाला हात घातलो. एक छत्रीची तार, बिडीचं बंडल बांधायचा दोरा आणि मेलेलं झुरळ. गियर नाही.

मराठी पदांचं म्हणाल तर आशा होती, खोटं कशाला बोलू. नंदगडच्या घरात भिंतीवर सगळे नाटकवाल्यांचे फोटो. काळ्यांपैकी दोन वाजवलो, एक बँड आहे आणि एकात कुणीतरी इंग्रजीत रडायलाय.

*

चकवाला, उद्यमबाग

काका, गियर नसलं तर मी कापतो की! दाते मोजून फोटो टाका. पितळेचा तुकडा पडलाय शेडमध्ये. एक मधला गियर, एक घुंडी, बॉडीला दोन भोकं मारून पिन बसवली की झालं. रविवारी मशीन घेऊन या.

*

तंबाखूवखार, निपाणी

भोकं मारायची नाहीत. १०० वर्षांहून जुनं ओतकाम आहे, ड्रिल लावलं आणि चीर गेली तर काय वेल्डिंग करणार? आणि चुकून नाही गेली, तरी दोन मिनिटांचं मशीन दोन मिनिटांचंच राहू दे. त्यात वाईट काय आहे? निळ्यांसाठी पुढंमागं चार मिनिटांचं दुसरं मशीन बघता येईल.

तोवर एक करा. निळ्या बांगडीच्या एका टोकाच्या कडेवर गाण्याचं नाव आणि नंबर उठवलेला असतो. ते टोक चढवताना उजवीकडं, बाहेरच्या बाजूला येतं. अमेरिकेत सांता बार्बराच्या विद्यापीठानं १०,००० हून जास्त बांगड्या डिजिटल करून फुकट ऐकायला ठेवल्यात. नंबर टाकून शोधा. तुमच्याकडच्या आठ काय आहेत ते सुई न टेकवता कळेल.

*

चकवाला, उद्यमबाग

ताई, भोकाशिवाय पण होईल, क्लॅम्पवर. पण बरं, तुम्ही म्हणताय तर असू दे. गव्हर्नरचं चामडं तरी कापून देतो.

*

डेपोवाले

तीन आठवड्यांनी लिहितोय.

चामडं चकवाल्यानंच दिलं, चपलेच्या अंगठ्याचं पातळ कातडं, तेलात भिजवून. वेग आता बरोबर ४० भरतोय. उद्यमबागेत मशीन घेऊन गेलो तर शेडमधली सगळी पोरं लेथ बंद करून जमली. काळी बांगडी लावलो. कर्ण्याचा चेप अजून काढला नाही, म्हणून आवाज नाकातनं येतो, पण बँड होता, त्यामुळं चालून गेलं. एक पोरगा म्हणाला, स्पीकर कुठाय? पेटी उघडून दाखवलो. वायर नाही, सेल नाही, फक्त स्प्रिंग आणि सुई. त्याला खरं वाटेना, खाली वाकून बघत होता.

निळ्यांचे नंबर बॅटरीच्या उजेडात वाचलो. आठातले सहा त्या विद्यापीठाच्या यादीत मिळाले. झायलोफोन, एक मार्च, दोन रडकी प्रेमगीतं, एक विनोदी काहीतरी, त्यात माणूस नुसता हसतोय. सहावी म्हणजे उड्या मारणारी तीच. रात्री जेवून मोबाईलवर लावलो. पूर्ण चार मिनिटं. आमच्या मशीनवर जे दोन-दोन शब्द ऐकलो होतो ते मधेमधे ओळखीचे यायला लागले, तेव्हा बायको म्हणाली, "हां, हे आपलंच आहे की!"

चिरलेली काळी टाकली नाही. ताईंच्या सासऱ्यांसारखी कपाटात ठेवलीय. ताई, एक विचारायचं होतं. तपकिरीच्या डब्याच्या झाकणावर छापील काही नाही, फक्त आत पेन्सिलीनं मोडीसारखं दोन ओळी लिहिलंय. विकतची नसून घरी भरलेली असू शकते का?

*

तंबाखूवखार, निपाणी

असू शकते. स्टँडर्डवर रेकॉर्डरचं टोक लावून कोऱ्या तपकिरी बांगडीवर घरी आवाज भरता यायचा. तिला आता 'सी' लावू नका, तिच्यासाठी जड आहे तो. हातसुद्धा लावू नका. झाकणाचा फोटो टाका. मोडी वाचणारे ह्या गटात दोघं-तिघं आहेत.

*

डेपोवाले

फोटो टाकलोय. उजेड कमी होता, उद्या सकाळी परत काढतो. हात न शेकता.