पाचारण झाल्यावर लगेच निघावे, की आधी तयार व्हावे?

शाहूपुरीकर (धागा सुरू करणारे)

गेल्या महिन्यात आमच्या तरुण संघाच्या शिबिरात एका पाहुण्या वक्त्यांनी असे सांगितले की, ज्याला देवाचे पाचारण, म्हणजे त्याच्या सेवेसाठी बोलावणे, झाले आहे त्याने ‘मी अजून तयार नाही’ म्हणणे हा अविश्वासच होय. त्यानंतर आमच्या मंडळीतील (चर्चमधील) दोघांनी पूर्णवेळ सेवेसाठी हातातले सोडायचे ठरवले आहे. एक जण उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काम करतो आणि दुसरी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोघांच्याही भक्तीबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्या सल्ल्याबद्दल.

पवित्र शास्त्रात (बायबलात) पाचारण आणि प्रत्यक्ष कार्य यांच्यामध्ये बहुधा मोठा काळ गेलेला दिसतो. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. दाविदाचा राजा म्हणून अभिषेक शमुवेल संदेष्ट्याने घरच्यांसमक्ष केला, तरी तेव्हाचा राजा शौल याचे बोलावणे आले तेव्हा तो पुन्हा मेंढरांतच होता, आणि गादीवर बसला तो वयाच्या तिसाव्या वर्षी. त्याच दाविदाने गल्याथ या धिप्पाड योद्ध्यापुढे लढायला जाताना शौलाचे चिलखत उतरवून ठेवले, कारण त्याला त्याची सवय नव्हती. सवय होती ती गोफणीची, आणि ती रानात मेंढरे राखताना लागलेली होती. प्रेषित पौलही दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरील येशूच्या दर्शनानंतर अरबस्तानात गेला आणि यरुशलेमेस पोहोचला तो तीन वर्षांनी.

आपल्या कोल्हापुराचेच पाहा. मिशनरी रॉयल वाइल्डर १८४६ साली भारतात आले, पण कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले १८५२ साली. मधली वर्षे अहमदनगरात मराठी शिकण्यात आणि शाळा चालवण्यात गेली. ती वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल? म्हणून माझे मत असे की, या दोघांनी आहे तिथे राहूनच मंडळीच्या देखरेखीखाली तयारी करावी.

नांगरावरचा हात

आपला मुद्दा आकर्षक आहे, पण उदाहरणे सोयीची निवडली आहेत. योसेफ तुरुंगात कोणताही अभ्यासक्रम पूर्ण करत नव्हता. मोशेचे उदाहरणही असेच दिले जाते; पण तो मिद्यान देशात चाळीस वर्षे राहिला तो तयारीसाठी नव्हे, तर जीव वाचवण्यासाठी गेला होता म्हणून. त्या चाळीस वर्षांचा देवाने उपयोग करून घेतला हे खरे; पण म्हणून माणसाने स्वतःच स्वतःला मिद्यानात नेऊन बसवावे, असा नियम त्यातून निघत नाही. पौलाविषयी सांगायचे, तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात तो दिमिष्कातील सभास्थानांमध्ये लगेचच येशूविषयी घोषणा करू लागला असे लिहिले आहे, ते आपण सोडून दिलेत. पेत्र आणि अंद्रिया या कोळ्यांनी येशूने बोलावताच जाळी तत्काळ सोडली. येशूला विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री तर घागर तिथेच ठेवून गावात गेली आणि तिच्या साक्षीने पुष्कळांनी विश्वास ठेवला. तिला कोणी परीक्षेला बसवले नव्हते.

‘आधी तयारी’ म्हणणारी माणसे मी आपल्या मंडळ्यांमध्ये भरपूर पाहिली आहेत. आधी नोकरी कायम होऊ दे, मग घराचे कर्ज फिटू दे, मग मुलांची लग्ने उरकू देत, असे करता करता निवृत्तीच्या सत्कारातच त्यांचे पाचारण प्रथम सर्वांना कळते.

मिरजेची सिस्टर

आपण दोघेही पाचारण म्हणजे व्यासपीठ असे गृहीत धरून भांडत आहात. जो ज्या स्थितीत पाचारला गेला त्याने त्याच स्थितीत राहावे, हे पौल करिंथ येथील मंडळीला लिहितो आणि ते गुलामांनाही उद्देशून लिहितो. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला ‘सेवेसाठी’ नर्सिंग सोडायला सांगणे मला तर समजतच नाही. मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले ते प्रवचनाच्या मधल्या वेळेतला उद्योग म्हणून नव्हे; शस्त्रक्रिया हेच त्यांचे पाचारण होते. रात्रपाळीत पहाटे चारच्या सुमारास, नातेवाईक बाकड्यावर झोपलेले असताना, घाबरलेला रुग्ण हात सोडत नाही, आणि त्याच वेळी दुसऱ्या खाटेवरचे सलाइन संपत आलेले असते. तिथे काय करायचे हे वॉर्डातच शिकता येते, आणि त्या रुग्णासाठी प्रार्थना करण्याचा अधिकारही तिथेच मिळतो. तिने परीक्षा द्यावी. या बाबतीत मला दुसरी बाजू दिसत नाही.

साचेकाम

फाउंड्रीतल्या तरुणाविषयी कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. मीही त्याच धंद्यातला. साच्याची वाळू योग्य ओली आहे का, हे जुना मोल्डर मुठीत दाबून आणि तो गोळा मोडून सांगतो. वाळू ओली राहिली तर कास्टिंगमध्ये वायूची छिद्रे पडतात, आणि कोरडी राहिली तर साचा ढासळतो. हे त्याला कोणी वर्गात शिकवलेले नसते, पण घरी बसूनही ते आलेले नसते. उस्तादाशेजारी उभे राहून आलेले असते. अलीशा संदेष्टाही आपला गुरू एलीया याच्या हातांवर पाणी घालणारा म्हणूनच ओळखला जात होता. तेव्हा प्रश्न नोकरीचा नसून हा तरुण कोणाच्या शेजारी उभा राहणार आहे, हा आहे. आमच्या किती पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) शेजारी कोणी उभे राहिलेले चालते, तेही एकदा विचारावे लागेल.

शाहूपुरीकर

मिरजेच्या सिस्टरांशी मी पूर्ण सहमत आहे. ‘नांगरावरचा हात’ यांना एवढेच विचारतो, की पेत्राने जाळी सोडली ती उपदेश करण्यासाठी, की शिकण्यासाठी? पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, तो उपदेशाला उभा राहिला, त्याआधी तो प्रभूबरोबर चालला होता, चुकला होता, रडलाही होता. आरंभीच्या मंडळीतला अपुल्लो तर वक्ता होता, शास्त्रात पारंगत होता, तरी अक्विला आणि प्रिस्किल्ला या पतिपत्नींनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात नवशिक्याला मंडळीचा अध्यक्ष करू नये असे म्हटले आहे, आणि कारणही दिले आहे : तो गर्वाने फुगू नये. या तरुणाला वर्षभर शब्बाथशाळेचा (रविवारच्या धर्मशिक्षणाचा) एक वर्ग द्यावा, आजाऱ्यांच्या भेटींना पाळकांबरोबर न्यावे. मग धर्मशिक्षणासाठी पुण्यास पाठवायचे की नाही, ते मंडळीने ठरवावे.

नांगरावरचा हात

म्हणजे आपण माझेच म्हणणे मान्य केलेत : पेत्राचे शिक्षण जाळी सोडल्यानंतर झाले, आधी नव्हे. अपुल्लोसुद्धा सभास्थानात बोलत होता म्हणूनच त्या दांपत्याला तो सापडला. घरी तयारी करत बसला असता तर त्याला समजावायला कोण गेले असते? नर्सिंगच्या मुलीबाबत माझा आग्रह नाही. तिने परीक्षा जरूर द्यावी. मात्र त्या तरुणाला ‘वर्षभर’ म्हणताना आपण एक गोष्ट मोकळी ठेवली आहे. वर्ष संपल्यावर ‘आता पुरे, तू जा’ असे त्याला सांगण्याची जबाबदारी कोणाची? मंडळीच्या वडीलजनांनी तारीख घालून तसे लिहून द्यावे, म्हणजे मी माझा विरोध मागे घेईन.