मदत हवी आहे: १४०० कॅलरीत साबुदाणा खिचडी, पुरणपोळी आणि मिसळ बसवायची आहे

हिरवी_मिरची

स्त्री, वय ३४, उंची १५८ सेंमी, वजन ६८ किलो. बैठं काम, रोज अर्धा तास चालणं. मधुमेह, थायरॉइड वगैरे काही नाही, कुठलंही औषध चालू नाही. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रानं विश्रांतीतला खर्च १३३७ कॅलरी येतो. त्याला दिवसभराच्या हालचालीसाठी १.३५ नं गुणलं की साधारण १८००. वजन उतरवायचं म्हणून त्यातून ४०० वजा करून रोजच्या १४०० ठरवल्या आहेत.

रोजचं भाजी-भाकरी-वरण यात बसतं. अडतं ते तीन ठिकाणी: उपासाची साबुदाणा खिचडी, सणाची पुरणपोळी आणि रविवारची मिसळ. हे तिन्ही सोडायचे नाहीत. ओट्सची पुरणपोळी किंवा बिनतेलाची मिसळही नको. पदार्थ तोच, चव तीच ठेवून किती खाता येईल, कुठे हात आखडता घेता येईल आणि कुठे घेतला तर पदार्थच बिघडेल, एवढं हवं आहे.

आणखी एक. एका वाटी खिचडीला एके ठिकाणी २०० कॅलरी लिहिलेल्या दिसतात, दुसरीकडे ५००. यातला कुठला आकडा धरायचा?

तराजूवाला

कुठलाच नाही, कारण दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात. वाटी ८० ग्रॅमची की २०० ची, तूप चमचाभर की पळीभर, कूट किती, यावर सगळं आहे. आपल्या कढईचा आकडा आपणच काढायचा. त्याला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा हवा.

रिकाम्या कढईचं वजन एकदा करून तिच्या बुडाला चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पदार्थ करताना घटक कच्चे आणि कोरडे मोजा. भिजवलेले किंवा शिजवलेले मोजलेत तर पाण्याचं वजनही त्यात येतं. सगळ्यांच्या कॅलरी मिळवा. पदार्थ झाल्यावर कढईसकट वजन करा, कढईचं वजा करा. एकूण कॅलरी भागिले शिजलेलं वजन, म्हणजे ग्रॅममागे कॅलरी. मग ताटलीत काट्यावर वाढून घ्या. चार-पाच वेळा केलंत की डोळ्यांना अंदाज येतो, पण तेल-तुपाचा येत नाही. ते कायम मोजावं लागतं.

साधारण आकडे, १०० ग्रॅमला: साबुदाणा ३५०, कणीक ३४०, चणाडाळ ३५०, गूळ ३७५, शेंगदाणे ५६५, सुकं खोबरं ६६०, फरसाण ५४०, तेल आणि तूप ९००. शेवटच्या चारांकडे नीट पाहा. घरचं गणित चुकतं ते बहुतेक वेळा इथेच. स्निग्ध पदार्थात ग्रॅमला ९ कॅलरी, पिठात नि साखरेत ४. पोह्यांचा लहान चमचा तेल म्हणजे ४० कॅलरी, मोठा चमचा १२०. घरच्या पळीत किती मावतं ते एकदा पाणी भरून काट्यावर पाहाच. किटलीतून धार सोडत असाल तर किटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवा, फरक म्हणजे तेल.

वरीचा_भात

साबुदाणा म्हणजे नुसतं स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. एकादशी आणि दुप्पट खाशी हे त्याच्यामुळेच होतं. तो बंद करा, भगर खा.

खलबत्ता

बंद कशाला? कोरड्या साबुदाण्याच्या आणि भगरीच्या कॅलरी जवळपास सारख्याच. भगर पाणी खूप पिते, म्हणून तेवढ्याच कॅलरीत ताटली भरलेली दिसते. हा फायदा खरा आहे, पण प्रश्न खिचडीचा आहे. आणि खिचडी जड होते ती साबुदाण्यानं कमी, सोबत्यांनी जास्त. दोघांसाठी नेहमीचं प्रमाण धरा: साबुदाणा १५० ग्रॅम (५२५), कूट ७५ ग्रॅम (४२५), तूप ४५ ग्रॅम (४०५), बटाटा १०० ग्रॅम (७५), साखर चमचाभर (२०). एकूण १४५०, म्हणजे माणशी ७२५. त्यातल्या निम्म्याहून जास्त कॅलरी कूट आणि तुपाच्या आहेत.

एका माणसासाठी हे प्रमाण चालतं: साबुदाणा ४५ ग्रॅम, कूट २० ग्रॅम, तूप ७ ग्रॅम, उकडलेला बटाटा ५० ग्रॅम. साधारण ३७० कॅलरी. सोबत काकडीची कोशिंबीर, त्यात १०० ग्रॅम दही. सगळं मिळून ४३० ते ४४०. कोशिंबीर आधी खायला घ्या.

हिरवी_मिरची

तूप ७ ग्रॅमवर आणलं की खिचडीचा गिचका होतो. म्हणूनच तूप वाढत जातं. याला उपाय आहे का?

खलबत्ता

आहे. गिचका सुट्ट्या स्टार्चनं होतो. जास्त तूप तो फक्त झाकतं. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातल्या स्टार्चचा, बराचसा तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. दाण्यांवर पिठूळ भुकटी असते. ती राहिली तर तव्यावर तिची खळ होते.

साबुदाणा तीन वेळा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत हलक्या हातानं धुवा. चोळू नका, दाणा फुटतो. मग पाणी पूर्ण निथळून दाण्यांच्या पातळीइतकंच नवं पाणी घाला, वर बोटभर नको. चार ते सहा तास झाकून ठेवा, मध्ये एकदा वरखाली करा. दाणा दोन बोटांत दाबला की सहज चेपला पाहिजे आणि भांड्याच्या तळाशी पाणी उरलेलं नको. उरलं तर चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा, नाहीतर पंचावर पसरा. ओला साबुदाणा कढईत गेला की पुढे काही करता येत नाही.

कूट कढईत वेगळं टाकू नका. भिजलेल्या साबुदाण्याला कूट, मीठ, साखर आधीच चोळून दहा मिनिटं ठेवा. कुटाचा थर दाण्यादाण्यामध्ये बसतो आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. कूट भरड हवं. मिक्सर सलग फिरवला तर दाण्याचं तेल सुटून लगदा होतो, त्याचा उपयोग नाही. म्हणूनच कूट २० ग्रॅमच्या खाली नेऊ नका. तूप कमी करायला तेच मदत करतं.

बटाटा उकडलेला घ्या. कच्च्या काचऱ्या तुपात परतल्या तर ७ ग्रॅम तूप तिथेच संपतं. नॉनस्टिक किंवा तेलानं मुरलेली लोखंडी कढई, मध्यम आच. तूप, जिरं, मिरची, बटाटा, मग साबुदाणा. उलथन्यानं खालून वर परता, दाबू नका. झाकण दोनच मिनिटं. जास्त ठेवलंत तर वाफेचं पाणी परत खाली पडतं. दाणा पारदर्शक दिसू लागला की आच बंद. लिंबू खाली उतरवल्यावर.

तराजूवाला

दोघांची खिचडी एकत्र करून अर्धी-अर्धी वाटणार असाल तर वाटणीही काट्यावरच करा. 'अर्धी' म्हणून वाढलेल्यात ४०-५० ग्रॅमचा फरक सहज पडतो.

कटाची_आमटी

पुरणपोळीबद्दल. चणाडाळ, गूळ, कणीक प्रत्येकी २५० ग्रॅम, मोहन आणि लाटणं-भाजणं धरून तेल ४० ग्रॅम. डाळीचे ८७५, गुळाचे ९४०, कणकेचे ८५०, तेलाचे ३६०. सगळे मिळून तीन हजारांच्या थोडे वर. यात १५ पोळ्या होतात: २८-३० ग्रॅमची कणकेची गोळी, ५० ग्रॅम पुरण. एका पोळीला २०० कॅलरी.

वजनासाठी म्हणून सगळे आधी गूळ कमी करतात. हिशोब पाहा. गूळ २५० वरून १७५ वर आणला तर पूर्ण घाण्यात २८० कॅलरी वाचल्या, पोळीमागे १९. त्या बदल्यात पुरण कोरडं पडतं, कारण गूळ पुरणाला ओल आणि चिकटपणा देतो. कोरडं पुरण लाटताना कडेला सरकत नाही, पोळी मध्ये फाटते, मग फाटलेली जागा सांधायला पिठी आणि भाजायला जास्त तेल. चव गेली ती वेगळीच. वाढताना तुपाची धार चमचाभर कमी केली तर पोळीमागे ४५ वाचतात आणि पोळीला काहीच होत नाही. गूळ आहे तसा राहू द्या, तूप मोजा.

गुळाऐवजी साखर किंवा साखरेऐवजी गूळ, यानं कॅलरीत सांगण्यासारखा फरक पडत नाही. दुधाबरोबर पोळी खाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की १०० मिली गाईचं दूध ६० ते ६५ कॅलरीचं, म्हणजे चमचाभर तुपापेक्षा जास्तच. पण त्यात ३ ग्रॅम प्रथिनं मिळतात.

पोळ्या दोन, प्रत्येकीवर ५ ग्रॅम तूप, एक वाटी कटाची आमटी, कोशिंबीर: हे सगळं ६२० च्या आसपास बसतं. हजारावर जातो तो सणाचा पूर्ण पाट: भजी, कुरडई, पापड, शिवाय वरण-भात-तूप. भातापैकी एक मूद आणि तळणीतला एकच प्रकार ठरवून घ्या, बाकीचं वाढूनच घेऊ नका. पानात आल्यावर टाकवत नाही.

तर्रीबाज

मिसळ. घरची, माणशी: कोरडी मटकी ५० ग्रॅम (मोड आणून), सुकं खोबरं ५ ग्रॅम, कांदा-टोमॅटो, तेल १० ग्रॅम. उसळ-रस्सा ३१५ च्या आसपास. फरसाण २० ग्रॅम ११०, एक पाव १२०. बेरीज ५४५. नेहमीच्या ताटलीत तेल १५, फरसाण ५० ग्रॅम आणि पाव दोन असतात, ती ८५० च्या वर जाते. फरसाण ताटलीत थेट ओतू नका, वाटीत मोजून बाजूला घ्या आणि दोन हप्त्यांत घाला. शेवटपर्यंत कुरकुरीत राहतं.

तर्रीचा रंग तेलाच्या प्रमाणापेक्षा मिरचीवर अवलंबून. खोबरं कोरडंच भाजा, त्याच्यात स्वतःचं तेल भरपूर असतं. माणशी १० ग्रॅममधलं ५ ग्रॅम तेल मसाला परतायला. उरलेलं ५ ग्रॅम वेगळ्या कढल्यात गरम करा, आच बंद करून अर्धं मिनिट थांबा, मग ब्याडगी किंवा काश्मिरी तिखट घाला आणि वाढताना वरून सोडा. कडकडीत तेलात तिखट टाकलंत तर ते जळतं, रंग काळपट होतो नि कडू लागतं. शिजताना घातलेलं तेल रस्साभर मुरतं, वरून सोडलेलं डोळ्याला आणि जिभेला पहिल्या घासाला लागतं.

बाहेर खाताना कट (पातळ रस्सा) वेगळा मागा आणि तवंगाखालून घ्या. दुसऱ्यांदा सँपल (वरून मिळणारा तोच रस्सा) मागायचं नाही, कारण सगळं तेल त्यातच असतं.

हिरवी_मिरची

खूप उपयोगाचं आहे. शेवटच्या दोन शंका. सणाच्या दिवशी १९०० झाल्या तर आठवड्याचं काय करायचं? आणि दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दाखवतो, ती सगळी चरबी असते का?

तराजूवाला

आठवड्याचा हिशोब धरा: १४०० गुणिले ७, म्हणजे ९८००. एका दिवशी १९०० गेल्या तर उरलेल्या सहा दिवसांना ७९००, रोजच्या १३१५ च्या आसपास. म्हणजे रोज ८५ कमी, दोन लहान चमचे तेल. एवढंच. दुसऱ्या दिवशी लंघन करू नका. संध्याकाळी भूक आवरत नाही आणि उरलेल्या पोळ्या समोर असतात. १२०० च्या खालीही जाऊ नका.

दीड किलो चरबी नव्हे. एक किलो चरबीमागे साधारण ७७०० कॅलरी लागतात, त्याही १८०० च्या खर्चाच्या वर. एका जेवणात ते शक्यच नाही. जास्त पिष्टमय खाल्लं की शरीर ग्लायकोजन (साखरेचा साठा) साठवतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरतं. पापड-भज्यांचं मीठ आणखी पाणी धरतं, शिवाय पोटात अजून अन्न असतं. चार-पाच दिवसांत उतरतं. रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून पाहा. पाळीच्या आधी पाणी वाढतं, म्हणून महिन्याची तुलना पाळीच्या त्याच दिवसांशी करा. ४०० च्या तुटीनं आठवड्याला ३५० ग्रॅमच उतरणार आहे. पाण्याच्या चढउतारात ते सहज लपतं. सरासरी सलग चार आठवडे हलली नाही, तरच कॅलरीला हात लावा. त्याआधी तेलाची किटली पुन्हा मोजा.

वरीचा_भात

प्रथिनांचं कुणी बोललं नाही. ६८ किलोला दिवसाची ७०-८० ग्रॅम धरा, नाहीतर चरबीसोबत स्नायूही उतरतात. वर दिलेल्या खिचडीत जेमतेम ६ ग्रॅम आहेत, पुरणपोळीत ५-६. त्या दिवशी बाकीच्या जेवणांनी भरून काढा: ३० ग्रॅम कोरडे सोयाचे तुकडे (१५ ग्रॅम प्रथिनं, १०५ कॅलरी), अंडं चालत असेल तर एकात ६ ग्रॅम आणि ७० कॅलरी. उपासाला दही वाढवा. पनीर चांगलं, पण १०० ग्रॅमला ३०० च्या जवळ जातं, तेही मोजूनच.

आणि हे वाचून आणखी कुणी करून पाहणार असेल तर: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर तूट धरण्याआधी डॉक्टरांशी बोला. साखर एकदम खाली जाऊ शकते.

हिरवी_मिरची

आणि उरलेल्या पुरणाचं काय? १५ पोळ्या संपवायला घरात दोनच माणसं.

कटाची_आमटी

सगळ्या पोळ्या लाटूच नका. लागतील तेवढ्या करा आणि उरलेल्या पुरणाचे ५०-५० ग्रॅमचे गोळे वळून हवाबंद डब्यात एका थरात फ्रीझरला टाका. महिनाभर राहतात. आदल्या रात्री हवे तेवढेच गोळे खाली फ्रिजमध्ये काढा. सकाळी पुरणाला पाणी सुटलेलं असतं. कोरड्या कढईत, तूप न घालता, मंद आचेवर उलथनं उभं राहीपर्यंत परतून घ्या. पूर्ण गार झाल्यावरच भरा, गरम पुरणानं कणीक सैल पडते. एका गोळ्याला १२० कॅलरी, पोळीची २०० तीच.