काउन्सिलचा हॉल गावाने घ्यावा का?

पश्चिमेची_पाहुणी
आमच्या मंडळाचा गणपती ज्या हॉलमध्ये बसतो, तो काउन्सिलला नकोसा झालाय. इंग्लंडमधलं लहान गाव, मराठी घरं मूठभर. स्टेजखालच्या कपाटात आमचं मखर, त्याला खेटून बालवाडीची खेळणी आणि ब्रिज क्लबची घडीची टेबलं. आता पत्र आलंय: हॉल टाउन काउन्सिलने किंवा स्थानिक संस्थेने चालवायला घ्यावा, अन्यथा 'इतर पर्यायांचा विचार' होईल. म्हणजे विकणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

भारतातल्या वाचकांसाठी: मोठी काउन्सिल म्हणजे साधारण जिल्हा परिषद आणि नगरपालिका एकत्र, टाउन काउन्सिल म्हणजे जवळपास ग्रामपंचायत. मोठ्यांचा खजिना रिकामा आहे. वृद्धांची आणि निराधार मुलांची देखभाल कायद्याने बंधनकारक, त्यातच बराचसा पैसा जातो. बर्मिंगहॅमने सप्टेंबर 2023 मध्ये कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. सॉमरसेटने त्याच नोव्हेंबरात आर्थिक आणीबाणी जाहीर केली. तिथे बागा, स्वच्छतागृहं टाउन काउन्सिलांच्या गळ्यात पडली.

माझं मत, घ्यावा. 1972 च्या कायद्याप्रमाणे काउन्सिलने जागेची रास्त किंमत घेतलीच पाहिजे, पण 2003 च्या आदेशाने लोकहितासाठी 20 लाख पौंडांपर्यंत सूट देता येते. लीड्समधला ब्रॅम्लीचा 1904 सालचा तरणतलाव 2013 पासून स्थानिक संस्था चालवतेय. एकदा फ्लॅट उभे राहिले की हॉल गेला तो गेलाच.

जमाखर्च
ताई, छपरावर चढून पाहिलंत का? सत्तरच्या दशकातला हॉल असेल तर सपाट छप्पर, कुठेतरी ॲसबेस्टॉस आणि हॉल गरम ठेवणारा, पण शेवटच्या घटका मोजणारा बॉयलर. लीज देताना 'दुरुस्ती सगळी तुमच्याकडे' हे कलम असतंच. भाडं वर्षाला एक पौंड म्हणून सगळे खूश, पहिल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला की हिशेब कळतो. ही मालमत्ता नाही, देणं आहे.

आणि टाउन काउन्सिल पैसे आणणार कुठून? आपल्याच काउन्सिल टॅक्समधून, म्हणजे इथल्या घरपट्टीतून. मोठ्या काउन्सिलला सार्वमताशिवाय साधारण 5 टक्क्यांच्या वर कर वाढवता येत नाही. टाउन काउन्सिलला ही मर्यादाच नाही! सॉमरसेटमधल्याच टाउन्टनमध्ये करातला टाउन काउन्सिलचा हिस्सा एका वर्षात दुपटीहून जास्त झाला. मग मोठीने आपला कर उतरवला? नाव काढू नका. बाग तीच, झाडं तीच, पैसे दोनदा.

रिकामटेकडा
जमाखर्च यांना +१. (हॉलमध्ये मोदक मिळतात का, ते आधी सांगा.)

अंधेरीकर
आमच्याकडचा अनुभव वेगळ्या कारणाने वाईट. मुंबई महापालिकेने मैदानं, उद्यानं संस्थांना देखभालीसाठी दिली. काही संस्थांनी खरंच छान राखली. काही ठिकाणी मात्र क्लब झाले, सभासद फी लागली आणि आजूबाजूची पोरं फाटकाबाहेर राहिली. 2016 च्या जानेवारीत नवं धोरण सभागृहात मंजूर झालं, ओरड झाली, तेव्हा मुख्यमंत्री फडणवीसांनी स्थगिती देऊन भूखंड परत घ्यायला सांगितले. म्हणून 'स्थानिक संस्था' म्हटलं की मी आधी विचारतो, तिचे पदाधिकारी कोण?

पाणीपट्टी
तुम्ही मैदानांचं बोलताय, आमच्या भागात नळपाणी योजनेचं तेच. योजना बांधून होते, हस्तांतरणाचा कागद येतो आणि ग्रामपंचायत ताबा घ्यायला तयार नसते, कारण पंपाचं वीजबिल. सरपंचाला आळशी म्हणणं सोपं आहे. सही केली की थकबाकी त्याच्या नावाने ओरडते.

पश्चिमेची_पाहुणी
@अंधेरीकर, इथे जागा देताना वापराची अट लीजमध्ये घालता येते आणि संस्था धर्मादाय असेल तर हिशेब सार्वजनिक होतात. क्लबवाल्यांना ते सोपं जाणार नाही.

@जमाखर्च, बॉयलरचं मान्य. पण म्हणूनच आधी इमारतीची तपासणी, मग सही. आणि जी काउन्सिल या हॉलवर दरवर्षी खर्च करत होती, तिने निदान छपरापुरते पैसे हुंड्यात द्यावेत ही मागणी आहे. लीजही लांब हवं. पाच-सात वर्षांच्या लीजवर अनुदान देणारे दारात उभं करत नाहीत. दुसरं, नियम बदलून घेता येतात. गावोगावच्या स्वच्छतागृहांवर व्यावसायिक मालमत्ता कर लागायचा. टाउन काउन्सिलांनी वर्षानुवर्षं डोकं खाल्लं, तेव्हा 2021 च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतंत्र स्वच्छतागृहांना तो माफ झाला.

दुप्पट कराबद्दल: हॉल विकला तरी तुमचा कर कमी होणार नाहीये. मग हॉल नाही आणि कर आहे, यात शहाणपण कुठलं?

जमाखर्च
शहाणपण यात आहे की तोटा कोणाच्या डोक्यावर येतो ते दिसतं. नुसत्या मंडळाच्या नावावर लीज घेतलं तर कर्ज विश्वस्तांच्या घरापर्यंत येऊ शकतं. 2013 पासून सीआयओ नावाचा धर्मादाय संस्थेचा प्रकार आहे, त्यात जबाबदारी संस्थेपुरती राहते. ती नोंदणी झाल्याशिवाय सही करू नका. आणि हुंडा तोंडी कबूल करतील, कागदावर मागा. माझा विरोध कायम आहे, पण हुंड्याशिवाय घेतलात तर मी हसणार नाही, बिल दाखवीन.

पश्चिमेची_पाहुणी
तपासणीची फी मंडळ, बालवाडी आणि ब्रिज क्लब मिळून भरायची ठरलीय. ब्रिज क्लब म्हणतो, आम्ही आठवड्यातून एकदाच येतो, आमचा वाटा कमी धरा. आता तुम्हीच हिशेब मांडून द्या.