मदत हवी आहे: रात्री कॉल, पहाटे रनिंग ग्रुप, झोपायचं कधी?

मंडळी, पुण्यात आयटीत आहे, अमेरिकेच्या टीमबरोबरचा कॉल संपेपर्यंत रात्रीचे बारा वाजतात, मग लगेच डोळा लागतो कुठे, आणि आमचा ग्रुप बरोब्बर साडेपाचला तळजईवर, पाच मिनिटं उशीर झाला की गेले पुढे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय, २१ किलोमीटर आणि त्यात यवतेश्वरचा घाट, नुसत्या ट्रेडमिलवर पळून ते काही जमणार नाही. शिवाय ग्रुप सोडवतही नाही, पळून झाल्यावरच्या चहा-पोह्यांचा मोह आहेच (खोटं कशाला बोला). लेट शिफ्ट करून पळणारं कोणी आहे का इथे? आठवड्यात दोनदाच ग्रुपबरोबर आणि बाकी संध्याकाळी एकट्याने, असं चालतं का? दुपारी वीस मिनिटं डुलकी काढून भागतं? "लवकर झोपत जा" सोडून काहीही सांगा प्लीज.