माथेरान : आईसोबत, आल्या वाटेने न परतता, रानातून फेरी होईल का?

लोकलवारी
डिसेंबरच्या अखेरीस आई (वय ६८, दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली) आणि दहा वर्षांची मुलगी यांना घेऊन एका दिवसासाठी माथेरानला जाण्याचा विचार आहे. पॉइंटांची यादी उरकण्यात आम्हाला रस नाही. झाडांच्या सावलीतून सावकाश चालावे आणि ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यावे लागू नये, एवढीच अपेक्षा आहे. आई सपाटीवर तासभर सहज चालते, परंतु पायऱ्या उतरताना तिला त्रास होतो. अशी फेरी आहे का, आणि ती कोणत्या बाजूने सुरू करावी?

जांभादगड
आहे, आणि माझ्या मते दक्षिणेकडची फेरी तुमच्यासाठी सर्वांत योग्य ठरेल. बाजारातून निघून अलेक्झांडर, रामबाग, लिटल चौक आणि चौक हे पॉइंट घेत पठाराच्या पूर्व कडेने दक्षिण टोकाला जावे, तेथून वन ट्री हिलकडे वळून पश्चिम कडेने शार्लोट तलावाशी यावे आणि पिसारनाथाचे दर्शन घेऊन पुन्हा बाजार गाठावा. सकाळच्या गारव्यात पूर्वेकडची बाजू होते आणि दुपारनंतर पश्चिमेकडे प्रबळ व इर्शाळगडाचे सुळके समोर येतात. रमतगमत, डबा खात आम्हाला साडेचार तास लागले होते.

चढ-उतार असा फारसा नाही. माथेरानात खरी अडचण येते ती फाट्यांची. लाल मातीच्या वाटा एकमेकींसारख्याच दिसतात, झाडी दाट असल्यामुळे दूरची खूण सापडत नाही आणि पाट्या नेमक्या हव्या त्या फाट्यावर नसतात. त्यावर मी एक साधा नियम पाळतो : वर सांगितलेल्या दिशेने चालताना दरी कायम डाव्या हाताला राहिली पाहिजे. ती उजवीकडे दिसू लागली, तर आपण उलटे फिरलो आहोत असे समजावे आणि मागच्या फाट्यापर्यंत परत यावे.

गुडघेदुखी_क्लब
वरील माहिती अचूक आहे, परंतु काकूंना पूर्ण फेरी करायला लावू नये, असे मला स्पष्टपणे वाटते. पुढे मोटारींना बंदी असल्यामुळे नेरळहून येणाऱ्या टॅक्सी दस्तुरीलाच थांबतात आणि तेथून बाजारापर्यंतचे सुमारे तीन किलोमीटर अंतर बहुतेक लोक हिशेबात धरतच नाहीत. माझ्या आईचा गुडघा फेरीत नव्हे, तर या तीन किलोमीटरांतच दुखू लागला होता. ते अंतर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीने किंवा ई-रिक्षाने पार करावे आणि गुडघ्याची ताकद रानासाठी राखून ठेवावी. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र सकाळीच स्थानकावर विचारून घ्यावी.

दुसरे असे, की रामबाग पाहून झाल्यावर चौकाकडे न जाता मधल्या रस्त्याने ऑलिम्पियाच्या मैदानावरून तलावाकडे वळता येते. फेरी जवळपास निम्मी होते आणि तरीही आल्या वाटेने परतावे लागत नाही. हिवाळ्यात जांभ्याची बारीक, गोल खडी कोरडी होते आणि किंचित उतारावरही पायाखालून छर्‍यांसारखी घरंगळते, म्हणून आईंच्या हाती काठी द्या आणि गुळगुळीत तळव्याच्या चपला घरीच ठेवा. घोडे आले तर दरीच्या बाजूला न सरकता डोंगराच्या बाजूला उभे राहावे. घोडेवाले हाकारा देतात, पण वळणावर तो उशिरा ऐकू येतो.

अंजनीचे_फूल
वाटेबद्दल बरेच सांगून झाले आहे, म्हणून थोडे रानाबद्दल लिहितो. डोक्यावरची सावली मुख्यतः अंजनी, जांभूळ, हिरडा आणि पिसा या झाडांची आहे. अंजनीची निळी-जांभळी फुले थेट फांद्यांना चिकटून येतात, परंतु त्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये जावे लागेल. डिसेंबरमध्ये मुलीला शेकरू शोधायला सांगा. जमिनीवर पाहून उपयोग नाही. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की ते त्याचे घरटे असते आणि लांब तांबूस शेपूट बहुधा त्याच्याच आसपास हलताना दिसते. खाऊची पिशवी मात्र हातात उघडी धरू नका, कारण माकडांना तिचा आवाज ओळखू येतो.

हे रान टिकले, त्यामागे वाहनबंदीचा मोठा वाटा आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट येथे आले आणि वस्ती सुरू झाली. १९०७ मध्ये रेल्वे आली. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. शार्लोट तलाव गावाला पाणी पुरवतो, त्यामुळे तेथे पाय बुडवण्याचा मोह मुलीला आवरायला लावा.

लोकलवारी
सर्वांचे मनापासून आभार. कालच जाऊन आलो. अमन लॉजहून गाडी पकडली, रामबागपर्यंत गेलो आणि ऑलिम्पियावरून तलावाकडे वळलो; मध्ये दोनदा अर्धा-अर्धा तास बसूनही आई तीन तासांत विनातक्रार बाजारात पोहोचली. 'दरी डावीकडे' हे मुलीने इतके मनावर घेतले, की मधल्या रस्त्याला लागून दरी दिसेनाशी झाल्यावर तिने आम्हाला थांबवून जाब विचारला. शेकरूचे घरटे दिसले, शेकरू काही दिसले नाही. वन ट्री हिल राहिल्याची चुटपुट आईलाच अधिक लागली आहे, त्यामुळे फेब्रुवारीत दस्तुरीजवळ मुक्काम करावा की बाजाराजवळ, हे कोणी सांगेल का?

गुडघेदुखी_क्लब
बाजाराजवळ. दस्तुरीला राहिलात तर ते तीन किलोमीटर रोज दोनदा मोजावे लागतील.